छत्तीस रेघा

राजकोटच्या बाजारात दुपारी एकला खाली आलेली शटरं चारलाच वर जातात. मधल्या वेळात गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला पायरीवर बसावं लागतं. व्रजलाल आणि प्राणजीवन यांच्या पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानातही एकतीस वर्षं हाच नेम होता. तो मोडायचं व्रजलालने ठरवलं, आणि त्याचं कारण होतं प्राणजीवनची झोप.

ताक पिऊन प्राणजीवन गादीवर आडवा झाला की दोन मिनिटांत घोरू लागे. शेजारी व्रजलाल छताकडे बघत पडून राही. दोन वर्षांत आपला डोळा लागलेला नाही, अशी त्याची खात्री होती. भागीदाराचं पोट संथपणे वरखाली होताना पाहून त्याचा नुसता जळफळाट होई. "झोप लागते, फक्त ती तुम्हांला जाणवत नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याने डॉक्टरच बदलले.

"उद्यापासून दुपारी दुकान उघडं," तो म्हणाला. "पटत नसेल तर वाटण्या करू."

"माझ्या झोपेवर डोळा आहे होय रे तुझा?" प्राणजीवन हसला, पण वाटण्यांचं नाव ऐकून त्याचा चेहरा उतरला. "बरं. तू दुपारभर जागा असतोस, हे दाखव. मग ठेवू उघडं."

व्रजलाल तंत्रशाळेत शिकलेला. मोजमापाला तो कशाला भिणार? खडू घेऊन तो गादीवर पडला. दर पाच मिनिटांनी फरशीवर एक रेघ, म्हणजे तीन तासांच्या छत्तीस.

चार वाजता प्राणजीवनने त्याला हलवलं. फरशीवर सात रेघा होत्या. आठवी सुरू होऊन गादीकडे घसरत गेली होती.

"तू पुसल्यास!"

"हो, आणि तुझ्या गालाला खडूही मीच फासला! अरे भाई, काय घोरतोस! वाटण्यांच्या काळजीने मला आधीच झोप नाही, त्यात तुझं हे इंजिन."

"तू झोपलाच नाहीस?"

"एक मिनिटसुद्धा नाही."

आपण झोपलो, याचा आनंद व्हायला व्रजलालला थोडा वेळ लागला. प्राणजीवन झोपला नाही, याचा मात्र तत्काळ झाला. मग त्या आनंदाचीच त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी एकला त्याने स्वतः शटर ओढलं. "झोप बाबा. वाटण्याबिटण्या काही नाहीत."

दोन मिनिटांत प्राणजीवन घोरू लागला. दोनच मिनिटांत! आपल्याला पस्तीस लागतात. व्रजलालने चडफडत कूस बदलली.