बांधावरचा संडास

घनसावंगीकडच्या त्या गावातल्या बाया सकाळी शेतात दिसायच्या, त्या आता जीपमध्ये दिसू लागल्या. नवीन जालन्यात बियाणं निवडायचं काम निघालं आणि खैरुनबीची मजूर बायांची अख्खी टोळी तिकडं वळली. फटका बसला गिरिजाबाईंच्या सुनेला, कल्याणीला. तिचा कापूस बियाण्याचा. संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी त्याच कळीला दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. सकाळ हुकली की कळी वाया. सासू-सुना दोघी राबून राबून किती राबणार? निम्मं रान तसंच राहू लागलं.

"मजुरी वाढव अन् मोकळी हो," गिरिजाबाई म्हणाल्या.

कल्याणी आधी खैरुनबीला विचारायला गेली. जीपचं भाडं वजा केलं तर बायांच्या हातात इथल्याइतकंच पडत होतं.

"मंग इतक्या लांब कशाला जाऊन राह्यल्या, आपा?"

खैरुनबीनं आसपास कुणी बाप्या नाही ना, ते पाहून घेतलं. "तिथं संडास हाय, बाई. आडोसा धुंडत फिरावं लागत न्हाई."

गिरिजाबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "नाचता येईना अंगण वाकडं! आम्ही जलमभर काय केलं मंग?"

पण कल्याणी एकदा मनावर घेते म्हणजे घेतेच. नवऱ्याला, केशवला, तिनं खड्डा खणायला लावलं आणि गोठ्यासाठी आणलेले पत्रे सरळ बांधावर नेले. पारावर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. "गुरं उन्हात अन् बाया सावलीत, वा गं वा!" गिरिजाबाईंनीही तोंडसुख घेतलं. सून आपली हसतमुखानं विटा रचत राहिली.

काम झाल्यावर तिनं टोळीला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी जीपच्या वेळेला गिरिजाबाई गवत उपटायचं निमित्त करून बांधावर उभ्या. जीप आली, आत कोण ते दिसायच्या आत न थांबता निघून गेली. रस्ता ओस पडला. आता सुनेचं हसं होणार, हे गिरिजाबाईंना बघवणार नव्हतं.

इतक्यात तुरीपलीकडून बायांचा गलका ऐकू आला. सगळ्यांत पुढं खैरुनबी. ती थेट पत्र्याच्या दारात गेली, आत शिरून कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"बराबर हाय," बाहेर येऊन ती म्हणाली. "चला गं, जल्दी."

त्या सकाळी एकही कळी वाया गेली नाही. गिरिजाबाईंना सुनेचं मनापासून कौतुक वाटलं, पण बोलून दाखवतील तर त्या सासू कसल्या!

दुपारी बाया भाकरीला बसल्या आणि घागर बघता बघता रिकामी झाली. कल्याणीनं दुसरी आणली. 'काय पाणी पितात या!' असं गिरिजाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिथंच त्या अडल्या. शेतात असताना त्यांनी दिवस मावळेपर्यंत कधी नुसती चूळ भरण्यापलीकडं पाणी घेतलं नव्हतं. आपल्याला तहानच कमी, असं त्या आजवर समजत होत्या.

"कल्याणी," त्या हळूच म्हणाल्या, "मलाबी दे गं तांब्याभर."

तो त्यांनी एका दमात संपवला आणि पुन्हा पुढं केला.