वाकलेल्या घराचा फोटो

"आमचं काही नाही, यासुए-सान. पुढच्यांचं बघा," सादाओ म्हणाला आणि हसत हसत दारातच उभा राहिला. त्याच्या मागे घराची समुद्राकडची भिंत चांगली वीतभर बाहेर आली होती. भेगेतून आतल्या कपाटाचा कोपरा दिसत होता.

यासुएने मोबाइल वर केला. "एक फोटो काढते फक्त."

"कशाला उगाच! त्या डोंगराखालच्या वस्तीत अख्खी घरं गाडली गेली म्हणे. आम्ही जेवतोय, झोपतोय. आमच्यासाठी म्हणून मदतीची गाडी इथं आली, तर त्या लोकांना तोंड कसं दाखवायचं?"

सादाओची बायको मित्सुयो आतून वाफाळता चहा घेऊन आली. तिनेही तेच सांगितलं, फक्त जास्त वाकून. यासुएने चहा घेतला, आभार मानले आणि मोबाइलमधल्या नकाशात सादाओच्या घरावर हिरवी खूण केली. हिरवी म्हणजे नुकसान नाही.

उनोउरा हे तसं जपानच्या किनाऱ्यावरचं छोटंसं बंदर. वाकडीतिकडी एकच गल्ली, एका टोकाला मासे सुकवायचा धक्का, दुसऱ्या टोकाला देवळाची चढण. शरद ऋतूत नगरपालिकेने प्रत्येक गल्लीतून एक स्वयंसेवक मागितला होता. भूकंप, वादळ काही झालं तर घरोघर फिरायचं, मोबाइलवर फोटो काढायचे आणि नकाशावर खुणा करायच्या. बैठकीत सगळे खाली बघत बसले, तेव्हा यासुएने हात वर केला. ती शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. पोरांच्या ताटात गाजर उरलं तर त्यांच्या शेजारी मांडी घालून बसणारी बाई, अशी तिची ख्याती होती. "हिच्या हातून कोणी सुटत नाही," म्हणून सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

आणि आता ऐन थंडीत खरोखरच भूकंप झाला होता, आणि तिच्या हातून अख्खी गल्ली सुटत होती. प्रत्येक दारात तेच हसू, तेच वाकणं. आमचं काही नाही. पुढच्यांचं बघा. पुढचे म्हणायचे, मागच्यांचं बघा.

नेटवर्क फक्त देवळाच्या चढणीवर मिळायचं. तिथे पायऱ्यांवर बसून तिने खुणा पाठवल्या आणि मग ओगी-सानला फोन लावला. ओगी-सान शहरातल्या वाचनालयात कामाला होती. सध्या वाचनालयात पुस्तकांऐवजी पाण्याचे खोके रचलेले होते आणि ती नकाशा सांभाळत होती.

"ओगी-सान, ताडपत्र्या कधी येणार? इथे बर्फाला सुरुवात झालीय."

"उनोउरा ना? थांबा हं." थोडा वेळ नुसती खरखर. "यासुए-सान, तुमची गल्ली तर सगळी हिरवी आहे. एकदम ठणठणीत."

"ठणठणीत?"

"तुम्हीच पाठवलंय की. मी तरी काय करू सांगा? गाड्या मोजक्या, तपासणीचे इंजिनिअर मोजके. लाल खुणा जिथे जास्त, तिथे ते आधी जातात."

यासुएने खाली बघितलं. इथून गल्लीतली सगळी छपरं दिसत. एरवी ती एका ओळीत, शहाण्या मुलांसारखी बसलेली असत. आज त्यांच्यातला एकही कणा सरळ नव्हता. कुठे कौलं घसरून खालची माती उघडी पडली होती आणि त्या मातीवर बर्फ साचत होतं. आज ना उद्या ते वितळणार आणि पाणी थेट घरात उतरणार.

"ओगी-सान, मी नव्याने पाठवते सगळं," ती म्हणाली. "आता कोणाला विचारणार नाही. स्वतः बघणार."

ती खाली आली ती थेट मित्सुयोकडे. सादाओ धक्क्यावर गेला होता.

"मित्सुयो, खरं सांग. भिंत बाहेर आलीय, आणि तू मला काही नाही म्हणतेस. आपण दोघी काय काल भेटलोय का?"

मित्सुयोने इकडेतिकडे बघितलं. "कसं सांगू? तोऱ्यो रोज सकाळी इथून जातात. प्रत्येक घरासमोर थांबतात, वरपासून खालपर्यंत बघतात. त्यांच्याच हातचं घर. त्यांच्याच बायकोला सांगायचं, की तुमच्या नवऱ्यानं बांधलेलं वाकलं म्हणून? गल्लीत ठरलंच आहे तसं."

"ठरलंय?"

"म्हणजे कुणी बोललं नाही. पण ठरलंय."

यासुएचा नवरा तोकुजी सुतार होता. गल्लीत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. घर उभारणाऱ्या मुख्य सुताराला तिकडे तोऱ्यो म्हणतात, तेच त्याचं नाव झालं होतं. या गल्लीतली जवळजवळ सगळी घरं त्याने आणि त्याच्या माणसांनी उभी केली होती. माणसं एकेक करून गेली, घरं राहिली.

ती घरी आली तेव्हा तोकुजी अंगणात दोन लाकडी घोड्यांवर आडवं दार टाकून रंधा मारत होता. लाकडाचे पातळ गोल गोल तुकडे बर्फावर पडत होते. ते दार त्यांचं नव्हतं.

"कुणाचं हे?"

"होरीचं. अडत होतं." तो वर न बघता म्हणाला. "काल तिघांची करून दिली. भूकंपानंतर लाकूड जरा फुगतं."

यासुए बघत राहिली. दाराची वरची कड एका बाजूला तो तासत होता, दुसऱ्या बाजूला नाही. काटकोनातलं दार त्याच्या हाताखाली हळूहळू तिरकं होत होतं.

"अहो, लाकूड फुगलेलं नाही."

रंधा चालूच राहिला.

"चौकट वाकलीय. घर वाकलंय, आणि तुम्ही त्याच्या मापाचं दार करून देताय."

आता तो थांबला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं. त्याने तिच्या स्वयंपाकात घातलं नव्हतं.

"लोकांना घरात जाता येतंय ना?" तो म्हणाला. "मग झालं."

"बाहेर येता येईल का, ते मला बघायचंय. मी सगळ्या घरांचे फोटो पाठवणार आहे. आतून, बाहेरून. जिथे लाल तिथे लाल."

"म्हणजे जगाला दाखवणार. तोऱ्योची घरं बघा म्हणून."

"हो," यासुए म्हणाली. "दाखवणार."

तोकुजीने रंधा पुन्हा हातात घेतला. 

किनु-आजीच्या घरापासून तिने सुरुवात केली, कारण किनु-आजी एकटी राहायची आणि शाळेतल्या निवाऱ्यात जायला तिने साफ नकार दिला होता. यासुएने पुढचं दार ढकललं. ते हललंच नाही.

"मागून ये गं!" आतून आवाज आला. "दार जरा हट्टाला पेटलंय."

मागे स्वयंपाकघराच्या खिडकीखाली माशांचं एक खोकं उलटं ठेवलेलं होतं. आजी त्यावर चढून खिडकीतून ये-जा करत होती. यासुए कशीबशी आत शिरली. आजी रजई पांघरून शेगडीपाशी मुळ्याचं लोणचं खात बसली होती.

"आजी, खिडकीतून?"

"शेजारच्या मांजराला जमतं, मला का नाही जमणार? खा थोडं लोणचं."

यासुएने वर बघितलं. मधल्या खांबावरची मोठी तुळई खाचेतून बाहेर सरकली होती. ताजं, पिवळं, कधी उजेड न बघितलेलं लाकूड तिथे दिसत होतं. आजीचं अंथरूण बरोब्बर त्याच्या खाली होतं.

"आजी, हे तुम्ही कुणाला दाखवलं का?"

"काय दाखवायचं? पायात फोड घेऊन तुझ्या नवऱ्यानं हे घर उभं केलं. छप्पर चढेपर्यंत रात्री इथंच झोपायचा, लाकूड भिजू नये म्हणून. एकदाही गळलं नाही हे घर. आता तो म्हातारा झालाय. त्याला कशाला–"

तेवढ्यात जमीन गुरगुरली. आधी ताटल्या वाजल्या, मग खिडकीच्या काचा, आणि मग सगळं घर कण्हल्यासारखा एक लांब आवाज आला. यासुएने विचार केलाच नाही. तिने आजीला रजईसकट उचललं, खिडकीवर टेकवलं आणि ढकललं. मग स्वतः उडी मारली. दोघी बर्फात पडल्या. आत काहीतरी जड खाली आलं आणि खिडकीतून धुळीचा लोट बाहेर पडला.

हादरा थांबला. आजीच्या हातात लोणच्याची वाटी तशीच होती.

"लागलं का आजी?"

"कोपराला. तुला?"

गुडघ्यातून रक्त येत होतं, ते यासुएला आत्ता कळलं.

गल्लीतून कुणीतरी धावत आलं. तोकुजी. पायात जोडा एकच. त्याने यासुएकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि मग उलट्या खोक्याकडे. ते खोकं तिथे का आहे हे त्याला कळायला वेळ लागला. तो त्यावर चढला आणि खिडकीतून आत बघत राहिला. अंथरुणावर तुळई आडवी पडली होती.

 मग तो खाली उतरला आणि किनु-आजीसमोर बर्फात गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लागेल इतका वाकला.

"ऊठ रे बाबा," आजी म्हणाली. "थंडी लागेल तुला."

तो उठला. यासुएकडे न बघता म्हणाला, "लाल."

"काय?"

"याची खूण. लाल कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी यासुए मोबाइल घेऊन निघाली, तेव्हा तोकुजी बूट घालून दारात उभा होता. त्याच्या हातात ओळंबा होता, दोरीला टांगलेलं वजन.

"नुसत्या फोटोत घर कललेलं कळत नाही," तो म्हणाला. "शेजारी सरळ काहीतरी हवं. विजेचे खांबही वाकलेत."

पहिलं घर सादाओचं. सादाओ नेहमीसारखा हसत दारात आला, आणि यासुएच्या मागे तोऱ्योला बघून त्याचं हसू तिथेच राहिलं.

"हे घर मी बांधलं," तोकुजी म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण शेजारच्या दोन घरांपर्यंत गेला. "ते वाकलंय. हिला आत येऊ द्या."

"अहो तोऱ्यो, तसं काही फार–"

"सादाओ, मला दिसतंय."

सादाओने मान खाली घातली आणि बाजूला झाला. छपराच्या कडेला पन्हळीचा आकडा होता, तोकुजीने त्याला ओळंबा अडकवला. दोरी सरळ खाली लोंबली आणि तिच्याशेजारी भिंत केवढी झुकलीय ते पोरालाही कळलं असतं. मित्सुयो तोंडावर हात धरून बघत होती. मग एकाएकी ती बोलायला लागली. मागची खोली दाखवली, छताचा ओला डाग दाखवला, रात्री दोघं बूट घालून झोपतात तेही सांगितलं.

पुढच्या दारात तोकुजीने तेच वाक्य म्हटलं. त्याच्या पुढच्याही. दर वेळी त्याला ते म्हणायला पहिल्याइतकेच कष्ट पडत होते, हे फक्त यासुएला कळत होतं, कारण म्हणण्याआधी तो घसा खाकरत असे. होरीच्या घरी त्याने स्वतःच तासून दिलेलं दार सरकवलं. दार लोण्यासारखं सरकलं. त्याने ते पुन्हा मागे ढकललं आणि चौकटीच्या कोपऱ्यातल्या उघडलेल्या सांध्याकडे बोट दाखवलं. "इथून फोटो काढ. ही फट यायला हवी."

दुपारी यासुए चढणीवर गेली आणि सगळं पाठवलं. थोड्याच वेळात ओगी-सानचा फोन आला.

"यासुए-सान, हे काय! कालपर्यंत हिरवं होतं ना सगळं?"

"कालपर्यंत आम्ही भिडस्त होतो," यासुए म्हणाली. "गाडी पाठवा."

गाड्या दुसऱ्या दिवशी आल्या. एकीत निळ्या ताडपत्र्या, शिड्या आणि बाहेरगावाहून आलेले स्वयंसेवक, दुसरीत तपासणीचे इंजिनिअर. किनु-आजीला शाळेच्या निवाऱ्यात नेणारी गाडीही होती. आजी चढायला तयार झाली, पण चढताना तोकुजीपाशी थांबली.

"माझं दार भूकंपाआधी कधीच अडलं नव्हतं बरं का," ती म्हणाली.

तोकुजीने मान हलवली. 

गाडी गेली. यासुएने मोबाइल बघितला. गल्लीत एकच घर राहिलं होतं.

"आपलं," ती म्हणाली.

त्यांच्या घराचा पुढचा खांब झेल्कोव्हा या टणक लाकडाच्या झाडाच्या अख्ख्या खोडाचा होता. त्याचं लाकूड तोकुजीने तरुणपणी स्वतः निवडून आणलं होतं आणि घर उभं करताना लोखंडाचा एक तुकडाही वापरला नव्हता. सगळं खाचेत खाच बसवून. यासुएला कॅलेंडर लावायचं असलं तरी खिळा नको म्हणून ते ती स्वयंपाकघरातल्या फळीवर टेकवून ठेवायची. आता तोच खांब पावलाभराने जोत्यावरून सरकला होता.

तोकुजीने ओळंबा अडकवायला जागा शोधली. ना आकडा, ना खिळा. तो खांबाशेजारी उभा राहिला आणि हात वर करून दोरी धरली.

"तसं नाही चालणार," यासुए म्हणाली. "फोटोत माणूस येता कामा नये. नियम आहे."

"हातसुद्धा नाही?"

"नाही."

तो आत गेला. आत जाऊ नका, असं तिच्या ओठावर आलं होतं. तो हातोडी आणि एक खिळा घेऊन बाहेर आला. खांबावर डावा तळवा ठेवून क्षणभर थांबला. मग त्याने खिळा लावला आणि ठोकला. पहिल्या दोन घावांत खिळा शिरेना, लाकूड तेवढं घट्ट होतं. तिसऱ्याला शिरला.

त्याने ओळंबा अडकवला, झोके थांबेपर्यंत वाट बघितली, आणि बाजूला झाला. आणखी बाजूला झाला. यासुएने मोबाइलच्या पडद्यावर बघितलं. घर, खांब, सरळ दोरी. तिने फोटो काढला आणि लाल खूण केली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

समोर सादाओच्या छपरावर बाहेरगावचे स्वयंसेवक ताडपत्री पसरत होते. त्यांना काम नवं होतं. शिडी बर्फावर सरकत होती आणि वरचा माणूस घाबरून ओरडत होता. तोकुजीने हातोडी कमरेला खोचली, रस्ता ओलांडला, आणि शिडीचे दोन्ही पाय धरून उभा राहिला.