हत्ती हाकणारा डबा

मित्रांनो, ज्यात कुणी कधी काही ठेवत नाही आणि तरीही जो सगळ्या घराच्या हाताशी असतो, असा मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. केनियात त्सावोच्या रानाला लागून सगाला नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी, वाकेशोच्या शेताच्या बांधावर, आंब्याच्या फांदीला मी उपडा टांगलेला असतो.

जन्मलो तेव्हा मी चकचकीत होतो. माझ्यात वीस किलो तेल भरून मला वोईच्या बाजारात आणलं. तेल संपल्यावर दुकानदारानं मला वाकेशोच्या नवऱ्याला, म्वाचोफीला देऊन टाकलं. मला वाटलं, आता आपल्यात मका भरतील. पण त्यानं मला फांदीला उलटं टांगलं, बाभळीचा दांडका उचलला आणि पाठीत असा हाणला की माझा पत्रा न् पत्रा थरथरला.

"वा! बोलतो चांगला!" तो खूश होऊन म्हणाला.

तेव्हापासून हत्ती हाकणं हेच माझं काम. कणसात दूध भरलं की तिन्हीसांजेला हत्ती रानातून उतरत. म्वाचोफी चार ठोके देई आणि थांबे. पुन्हा चार ठोके, पुन्हा थांबे. त्या शांततेत मला जड पावलं लांब जाताना ऐकू येत आणि त्यांच्या मागून काही हलकी पावलंही.

"अहो सारूचे बाबा, थांबता काय मध्येच?" वाकेशो घरातून ओरडे. "हत्तीला पाहुणचार करताय का?"

"दम घेतोय गं," तो हसून म्हणे.

माझं तोंड नेहमी जमिनीकडे. त्यामुळे इतकी वर्षं हत्ती हाकूनही मी हत्ती कधी पाहिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या लेकीनं, सारूनंही नीट पाहिला नव्हता. तिच्यासाठी हत्ती म्हणजे अंधुक उजेडात हलणारा एक काळा डोंगर आणि मोडणाऱ्या ताटांचा कडकडाट.

एका वर्षी कळपानं सगळा मका तुडवला. म्वाचोफी घायपाताच्या मळ्यात मजुरीला गेला. तिथं त्याला ताप आला. तो परत आला तो खाटेवरूनच, आणि आठ दिवसांत गेला. वाकेशो एवढंच म्हणाली, "हत्तीनं माणूस मारलं नाही. पण घरातून उठवलं."

दांडका तिनं हातात घेतला. ती थांबत नसे. ताटं हलायची बंद झाली तरी ती मला बडवत राही. माझ्या पाठीवर म्वाचोफीचे पोचे होते. आता त्यांच्यावर तिचे पडू लागले. अकरा वर्षांची सारू मात्र दुसऱ्याच कारणानं मला सोडत नव्हती. झोपताना ती मला आत नेई आणि एक हात माझ्यावर ठेवून पडून राही. फांदी मोडली की दचकून उठे. वर्गात डुलक्या घेई.

अशात एक दिवस तिच्या शिक्षिका, न्यांबूबाई, बांधावर आल्या. "रानाच्या कडेच्या शाळांतल्या मुलांना एक दिवस जंगल दाखवणार आहेत. बस येणार, जेवण देणार. सारूला पाठवा."

वाकेशो ओंजळभर शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "बाई, हत्ती बघायला बसमधून कशाला जायचं? मका पिकू द्या. तोच येईल हिला बघायला."

"म्हणूनच म्हणते. लांबलांबचे लोक विमानानं येऊन बघून जातात. आपल्या पोरांनी फक्त भीतीच बघितली."

"आणि काही झालं तर? माझं एकच माणूस उरलंय."

सारू दाराआडून म्हणाली, "आई, डबा घेऊन गेले तर?"

वाकेशोनं माझ्याकडे पाहिलं. मग मला फांदीवरून काढून पुसलं, आत उकडलेली रताळी ठेवली आणि लेकीच्या हातात दिलं. दांडका द्यायलाही ती विसरली नाही.

बसमध्ये माझी फार शोभा झाली. "ए सारू, ढोल कुणाच्या लग्नात वाजवणार?" म्बेला नावाचा मुलगा म्हणाला. "नवरा हत्ती की नवरी?" सगळे खिदळले. बस चालवणारे म्वाकाईकाका मात्र आरशातून मला बघून म्हणाले, "पोरी, इथं आवाज करायचा नाही बरं का. हे त्यांचं घर." सारूनं मला मांडीवर सरळ धरलं. रताळी वाटून झाली होती. फांदीला टांगल्यापासून पहिल्यांदाच माझं तोंड आभाळाकडे होतं.

पाणवठ्याशी बस थांबली. तांबड्या मातीत लोळून तांबडे झालेले नऊ हत्ती तिथं होते. पुढे फाटक्या कानाची म्हातारी हत्तीण आणि तिच्या पायांत एक पिल्लू. ते चिखलावरून घसरलं, उठलं, पुन्हा घसरलं. म्हातारीनं त्याला सोंडेनं ढुशी देऊन उभं केलं.

"आई गं, अगदी माझा धाकटा भाऊ!" म्बेला पुटपुटला.

सारू बघायला उठली आणि मी तिच्या मांडीवरून निसटलो. बसच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेलो. ढण्! ढण्! ढण्!

मित्रांनो, माझ्या आवाजानं काय होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाणी पिणाऱ्या सोंडा जागीच थबकल्या. सगळे हत्ती पिल्लाभोवती दाटीनं उभे राहिले. ते पिल्लू कुणाच्या तरी पोटाखाली शिरलं होतं आणि त्याचे पाय लटलट कापत होते. म्हातारी कान पसरून बसकडे वळली.

"कुणी हलू नका," काका हळूच म्हणाले.

मी अजून पायरीवर डुगडुगत वाजत होतो. सारू वाकली. दांडका तिच्या हातात होता. तो तिनं खाली ठेवला. अंगातला शाळेचा स्वेटर काढून माझ्यात कोंबला आणि मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. मी गप्प झालो.

"काका," ती कुजबुजली, "ते आपल्याला घाबरतात."

म्हातारी उभीच होती. मी सारूच्या काळजाचे ठोके मोजले. मग एक कान खाली आला, मग दुसरा. तिनं सोंड पाण्यात बुडवली. पोटाखालून पिल्लू बाहेर आलं आणि लगेच पुन्हा घसरलं.

अख्ख्या बसनं श्वास सोडला. "चला," म्बेला म्हणाला, "नवरीला ढोल आवडला नाही." या वेळी सारूही हसली. परतीच्या वाटेवर ती माझ्यावर डोकं टेकून झोपली. फांद्या बसला घासत होत्या, पण ती एकदाही दचकली नाही. वाकेशो रस्त्यावर येऊन उभी होती. झोपलेल्या लेकीला बघून ती कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "आली बाई."

आठवड्यानं कळप पुन्हा आला. वाकेशो मला बडवू लागली, तेव्हा सारूनं तिचा हात धरला.

"आई, थांबून थांबून वाजव. पिल्लाला धावता येत नाही. त्यांना त्याला सोबत न्यायला वेळ दे."

वाकेशो थांबली. त्या शांततेत जड पावलं लांब गेली आणि त्यांच्या मागून हलकी. तिनं ती ऐकली. दांडका तसाच हातात राहिला.

"म्हणजे तुझे बाबा दम घेत नव्हते तर," ती म्हणाली.

मग तिनं चार ठोके दिले आणि थांबली.

मित्रांनो, मी आता गंजलोय. मका वाचवायचा तर मला वाजावंच लागेल, त्याची तक्रार नाही. फक्त एवढंच मागणं आहे: रानाच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येक लेकराला एकदा तरी दिवसाउजेडी आत न्या. ज्याला हाकायचं, त्याची पावलं लेकराला ओळखू द्या. आणि डबा कुणाच्याही हातात असो, चार ठोक्यांनंतर थोडं थांबा.