ब्लोअरचा पट्टा

पट्टा तुटला की आमच्याकडे सगळ्यात आधी दुकानदाराचा उद्धार होतो. मीही तोच केला. अमरावतीत ज्याच्याकडून आम्ही मशीनचे पट्टे घ्यायचो, त्याच्या काउंटरवर तुटका पट्टा आपटला आणि डुप्लिकेट माल विकता का म्हणून आवाज चढवला. तो बिचारा म्हणाला, "बाई, हाच पट्टा पिठाच्या गिरणीवाले नेतात. त्यायचा वर्षभर चालते. तुमचाच काहून तुटते?" त्यावर मी आणखी जोरात बोलले.

मशीन गालिचे धुण्याचं. मालवाहू टेम्पोच्या पाठीवर पक्कं बसवलेलं एक इंजिन, आणि त्याच्या जोरावर फिरणारा पंप आणि मोठा ब्लोअर. पंप गालिच्यात गरम पाणी मारतो, ब्लोअर ते मळासकट ओढून घेतो. इंजिन आणि ब्लोअर यांच्यामध्ये रबराचा पट्टा. तो गेला की ओला गालिचा तसाच पडून राहतो आणि कुबट वास मारायला लागतो. नागपूरच्या बंद पडलेल्या एका हॉटेलातून माझ्या नवऱ्यानं, गोपाळनं, हे मशीन जुनं उचललं होतं. आमचा धंदा मंडप-बिछायतीचा. कापसानं वऱ्हाडाचं कंबरडं मोडलं त्या वर्षांत घरोघरची लग्नं आटली आणि सामुदायिक विवाह वाढले. एकाच मांडवात नवरदेवांची रांग, आणि खाली काळ्या मातीवर अंथरलेले आमचे गालिचे. ती माती हातानं घासून निघत नव्हती. मांडव गोपाळ बघायचा, धुलाई मी.

गाडी चालवायला आणि मशीनजवळ उभं राहायला नियाज होता. काही दिवसांनी त्याच्याबरोबर, कुणी न बोलावता, त्याचे वडीलही यायला लागले. गुलफामचाचा.

चाचा अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या रेच्यांची देखभाल करण्यात त्यांचा जन्म गेला. फॅक्टरी बंद पडली, रेचे भंगारात निघाले, आणि म्हातारा-म्हातारी अमरावतीला मुलाकडे आली. त्यानंतर चाचा बोलेनासे झाले. त्यांची बायको कुलसुमबी मला सांगायची, "जेवन समोर ठेवलं त खातात, नाई ठेवलं त मांगत नाई. भितीकडे पाहून बसून राहतात." मग आमचं मशीन आलं. चाचांनी पहिल्याच दिवशी इंजिनाला कान लावला आणि म्हणाले, "याचा दम चांगला हाये." किती महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला म्हणून कुलसुमबी रडली. माणूस परत उठून उभा राहिला तो त्या मशीनच्या आधारानं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच पट्ट्याचं प्रकरण अवघड झालं.

नवीन पट्टा घातला की थोड्याच कामांत त्याच्या कडा झिजायच्या, खाली काळा भुगा पडायचा, मग चिरा, मग तुकडे. चाचा डॉक्टरच्या थाटात तपासायला बसायचे आणि आम्ही नातेवाइकांसारखे भोवती उभे. दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून दोरी ताणून ते बघायचे, पुल्या एका रेषेत आहेत का. होत्या. अंगठ्यानं पट्टा दाबून ताण बघायचे. बरोबर होता. पट्टा उतरवून ब्लोअर हातानं फिरवायचे, बेअरिंग कुठं अडतंय का. अडत नव्हतं. पुलीच पट्टा खात असेल म्हणून ती आमच्या ओळखीच्या टर्नरकडे, खुशालरावांच्या लेथवर नेली. पट्टा बसतो त्या खाचा त्यांनी उजेडात धरून सांगितलं, घासल्यात खऱ्या, पण पट्ट्यानंच त्यांना घासलंय. खाचा नव्यानं कोरून दिल्या. पट्टा पुन्हा गेला.

आणि गेला तो कुठं? अकोल्यात, चाचांच्या जुन्या मोहल्ल्यातल्या मशिदीत, रमजानच्या तोंडावर. चाचा धुतलेला सदरा घालून आले होते. जिनमधले त्यांचे सोबती मशीन बघायला जमले होते. अर्धा गालिचा ओला असताना फाडकन आवाज झाला आणि ब्लोअर थांबला. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. एका म्हाताऱ्यानं तर चाचांच्या खांद्यावर हात ठेवला, जसा मयतीत ठेवतात. नियाजनं नवीन पट्टा चढवला, काम झालं, पण परतताना मूर्तिजापूर मागं पडलं तरी चाचा एक शब्द बोलले नाहीत. हा माणूस आता पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार आणि या खेपेला उठणार नाही, असं मला वाटलं.

तुटका पट्टा माझ्या मांडीवर होता. घरी उतरताना तो साडीला चिकटला. रबर कधी असं चिकटतं? ओढून काढला तर साडीवर डाग, आणि तो साबणानं निघेना, रॉकेलनं निघाला. मग मी पट्टा उजेडात नेला. कडांवर गालिच्याचे तंतू आणि बारीक काळी माती घट्ट बसली होती. बोट फिरवलं तर काचकागदासारखी खरखर. पट्टा स्वतःच स्वतःला घासत होता, पुलीलाही घासत होता. पण माती तिथं आपोआप धरून राहणार नाही. काहीतरी चिकट कुणीतरी लावत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले तर गाडीशी चाचा एकटेच. पट्ट्यावरची लोखंडी जाळी उतरवून ठेवलेली. इंजिन हळू चालत होतं आणि ते फिरत्या पट्ट्याला मधाच्या रंगाचा एक खडा लावत होते. राळ होती ती. ओठ हलत होते, बिस्मिल्ला म्हणत असावेत.

नियाज फाटकातून आत येत होता. त्याला मी बाजूला ओढलं आणि काय पाहिलं ते सांगितलं.

"राळ? ते त जिनमधे सारेच लावत, भाभी," तो म्हणाला. "पट्टा घसरू नाई म्हनून. त्यानं खराब होते?"

"चामड्याच्या पट्ट्याले चालत असंन. हा रबराचा हाये. राळीले माती चिकटते न् तेच त्याले खाते."

नियाज तिथंच उकिडवा बसला. "नका सांगू त्यायले. मी मागून रोज पुसून घेत जाईन. तुटू द्या पट्टे. अब्बा बोलून राहिले, मले तेवढंच पुरे हाये."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. "म्हंजे ते लावतीन न् तू पुसशीन? त्यायले खोटं खोटं मशीन खेळाले द्यायचं काय? आन् चालत्या पट्ट्यात त्यायचा हात गेला म्हंजे?"

गोड बोलून सांगणं मला येत नाही. मी इंजिन बंद केलं आणि कालचा पट्टा चाचांच्या पुढ्यात धरला. "चाचा, पट्टे राळीनं जाऊन राहिले."

पट्टा हातात घेऊन त्यांनी कडेवरून नख फिरवलं, मातीचा कण काढून बोटांत चुरला, वास घेतला. फिटरच तो, समजायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"एवढे पट्टे मीच खाल्ले," ते म्हणाले.

"मंग लावता काहून? रबराले राळ लागत नाई हे तुमाले म्हाईत नाई?"

"म्हाईत हाये." ते गाडीच्या पायरीवर टेकले. "जिनमधे छताखालून लांब दांडा फिरे, बाई. त्याच्यावरून एकेका रेच्यावर चामड्याचा पट्टा. राळ नसली का घसरे. एका जुम्म्याले मले नमाजची घाई झाली न् मी राळ लावली नाई. माह्या जागेवर चंद्रभान उभा राह्यला. पट्टा सुटला न् त्याच्या गळ्यावर बसला." त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. "तवापासून एक दिवस चुकलो नाई. आता तिथं माहा पोट्टा उभा राहते."

मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "हा पट्टा सुटत नाई, चाचा. खाचेत बसते."

"मले समजते. माह्या हाताले नाई समजत."

मग ते उठले. रॉकेलच्या चिंधीनं त्यांनी दोन्ही पुल्यांच्या खाचा लखलखीत पुसल्या. नवीन पट्टा कोरडाच चढवला, दोरी ताणून पाहिली, अंगठ्यानं दाबून पाहिला. वर जाळी बसवली आणि तिला कडी-कोयंडा ठोकून कुलूप घातलं. चावी नियाजच्या हातात दिली. "मले देऊ नको. कितीबी मांगितली तरी देऊ नको."

पुढचं काम अंजनगाव सुर्जीच्या मंगल कार्यालयात होतं. चाचा येतील की नाही याची मला खात्री नव्हती. आले. गाडीत मात्र हात मांडीखाली दाबून बसले होते. नियाजनं इंजिन सुरू केलं. कोरडा नवा पट्टा क्षणभर किंचाळला, आणि चाचांनी धावत जाऊन जाळी दोन्ही हातांनी गच्च धरली. बोटं जाळीच्या भोकांवर फिरत होती, पण आत जाता येत नव्हतं. घाम त्यांच्या दाढीत उतरला.

नियाज आपली जागा सोडून त्यांच्या मागं येऊन उभा राहिला, पट्ट्याच्या फेकीबाहेर. "मी इथंच उभा राहतो, अब्बा."

पट्ट्याचा आवाज बसला होता. ब्लोअर एकसारखा ओढत होता, पण पट्ट्यासमोरच्या, पाणी कमी-जास्त करायच्या मुठी धरायला तिथं कुणी नव्हतं. चाचांनी मुलाकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या जागेकडे. जाळीवरचा एकेक हात त्यांनी सोडवला.

"जाय," ते म्हणाले. "उभा राय तिथं."

नियाज गेला. मी नळी उचलायच्या निमित्तानं तोंड फिरवलं, कारण मला रडू आवरेना. काम संपेपर्यंत चाचा खाली बसले नाहीत. पट्ट्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, सारा वेळ ते मुलाच्या गळ्याकडे बघत होते.