लाल, हिरवी आणि पुनारामची विडी

मित्रांनो, जिजाबाईच्या घरात खुंटीवर टांगलेली मी एक जुनी रेल्वेची हातबत्ती. पत्र्याला पोचे पडले आहेत, कडी वाकडी आहे. पण मला कमी लेखू नका. मँगनीजने भरलेली अख्खी मालगाडी माझ्या एका इशाऱ्यावर थांबायची. आहे का तुमच्या घरात दुसरं कुणी असं?

१९५८ साली मी कोरी करकरीत अशी तिरोडीच्या मँगनीज खाणींच्या वाटेवरच्या एका लहान स्टेशनात आले आणि रुळांचे सांधे बदलणाऱ्या, गाड्यांना बत्ती दाखवणाऱ्या पॉइंट्समन पुनारामच्या हाती पडले. माझ्या पोटात रॉकेलची ज्योत होती आणि भोवती फिरणारा डबा. डबा एकदा ‘खट्’ केला की लाल काच पुढे येई, दोनदा केला की हिरवी, एरवी साधी पांढरी. पुनाराम मला जिवापाड जपायचा. एकच खोड होती त्याची. दिवसाला विडीचे दोन कट्टे ओढायचा, आणि विडी पेटवायचा ती माझ्याच ज्योतीवर. मलाही तेव्हा त्याचं कौतुकच वाटे. खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांनी त्याचं काहीतरी बिनसलं. तो माझ्याकडे बघेनासा झाला. नुसते ‘खट्’ मोजायचा आणि हात वर करायचा. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवाळीच्या आधी त्याच्या बायकोने, जिजाबाईने, माझ्या काचा काढून राखेने लखलखीत घासल्या. बसवताना मात्र लालच्या जागी हिरवी गेली आणि हिरवीच्या जागी लाल. संध्याकाळी मालगाडी मागे मागे येत होती. रुळाच्या टोकाला बाया मँगनीजच्या टोपल्या भरत होत्या. पुनारामने एकदा ‘खट्’ केलं, मला उंच धरलं आणि निवांत उभा राहिला. गाडी येतच राहिली.

जिजाबाई त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती जागीच थबकली.

“अहो, हिरवी काहून दाखवून राह्यले? गाडी थांबवा ना!”

“लालच आहे,” पुनाराम म्हणाला.

तिने मला त्याच्या हातातून हिसकावलं, लाल काच येईपर्यंत डबा फिरवला आणि मला जोरजोरात हलवलं. गाडी बायांपासून चार हातांवर थांबली. माझी तर ज्योतच विझली.

पुनाराम मटकन खाली बसला. “मले दोन्ही सारख्याच दिसतेत, जिजा. लय दिवसापासून. नोकरी जाईन म्हणून बोललो नाही.”

“कोणाले सांगू नका,” ती रडत म्हणाली. “कोणीच पाह्यलं नाही. नोकरी गेली तर क्वार्टरही जाईन.”

“म्या पाह्यलं ना,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी स्टेशनमास्तरांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. मित्रांनो, गाड्या तर मी पुष्कळ थांबवल्या, पण माझी मान खरी ताठ झाली ती त्या सकाळी.

रेल्वेच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि विड्या किती ओढतोस ते विचारलं. मग म्हणाले, “तंबाखूनं तुझ्या नजरेची नस मार खाते आहे. आधी रंग जातात, मग नजर. वय झालं की मोतीबिंदूही लवकर गाठतो. विडी साफ सोड, डाळी-भाज्या नीट खा. अशानं पुष्कळांचे रंग परत आलेत. पाच महिन्यांनी ये. तोवर बत्तीला हात लावायचा नाही.”

जिजाबाईने माझ्या काचा पुन्हा जागच्या जागी बसवल्या आणि पुनाराम स्टेशनात झाडलोट करू लागला. खिशात विडीऐवजी भाजलेले चिंचोके आले; चालताना खुळखुळायचे, लोक हसायचे. एकदा मात्र त्याचा धीर सुटला. कुणाकडून तरी विडी मागून तो माझ्यावर वाकला. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या काचेकडे गेलं. कितीतरी वेळ तो बघत राहिला, पण रंग काही सांगता येईना. त्याने विडी चुरगळून टाकली आणि दोन चिंचोके तोंडात टाकले.

पाच महिन्यांनी, दिवेलागणीला, डॉक्टर मला घेऊन दोनशे पावलं लांब गेले. तिथून ‘खट्’ काही ऐकू येत नव्हतं. डबा फिरवताना ते माझ्यावर रुमालही टाकत.

“लाल,” पुनाराम ओरडला. “हिरवी. परत हिरवी. लाल. आता पांढरी.”

एकही चुकला नाही. शेजारी उभ्या जिजाबाईने पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरांनी मला परत त्याच्या हाती दिलं.

पुढे चौदा वर्षं आम्ही गाड्या थांबवल्या आणि सोडल्या. विजेरी आल्यावर मला भंगारात काढलं, तर पुनारामने साहेबांची परवानगी मागून मला घरी आणलं. आज, १९८८ साली, तो साठीचा आहे. जिजाबाईच्या सुईत दोरा तोच ओवतो, तोही पहिल्याच झटक्यात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी विडी ओढत असेल, तर त्यांना माझी गोष्ट सांगा. काच मळली तर राखेने घासता येते, डोळ्यांचं तसं नाही. मला आता फक्त सणावाराला पेटवतात. परवा एक पाहुणा तोंडात विडी धरून माझ्यावर वाकला, तर पुनारामने एकदा ‘खट्’ केलं आणि लाल काच त्याच्यापुढे धरली.