दोन पत्रं, तारीख एकच

हॅस्केल साहेबाचं नाव निघालं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सहा वर्षं झाली. बायका म्हणतात, हिल्डा, सोड आता. का सोडू? तोंडावर शिवी देऊन गेला असता तर सोडलं असतं. हा गोड बोलून गळा कापणारा.

बहरीनमध्ये, बाब अल बहरीनच्या वेशीजवळ नजीब साहेबांची मालवाहतुकीची कंपनी होती. मालक नजीब, मॅनेजर हॅस्केल, आणि टाईपरायटरवर मी, हिल्डा तुस्कानो, राहणार नंदाखाल, तालुका वसई. लान्सी, माझा नवरा, काविळीत गेला तेव्हा आमची डॉली दोन वर्षांची होती. चौऱ्याहत्तर साली, ती चार वर्षांची असताना, तिला माझ्या आईजवळ ठेवून मी विमानात बसले. दोन वर्षांत पोरीला घेऊन जाईन, असं सगळ्या गावाला सांगून आले होते. टायपिस्टला फॅमिली व्हिसा मिळत नाही, हे इथे उतरल्यावर कळलं. असले नियम नेहमी उतरल्यावरच कळतात.

हॅस्केल अमेरिकन. जुफैरला बंगला, बायको तिकडे अमेरिकेत, आणि माणसाला नाद एकच. त्याच्या आईच्या घराण्यात दोनशे वर्षांपूर्वी जोनाथन वेदरबी नावाचा एक मुत्सद्दी होऊन गेला. अमेरिका नुकती स्वतंत्र झालेली, आणि ह्याला राजदूत म्हणून फ्रान्सला धाडलेला. तिथून त्याने पत्रांचा पाऊस पाडला. सरकारी पत्रं मंत्र्यांना आणि दरबारी लोकांना, खाजगी पत्रं घरी बायकोला. त्या सगळ्यांचं पुस्तक काढायचं, हा हॅस्केलचा ध्यास. झेरॉक्सच्या पेट्या भरून आणल्या होत्या, पण साहेबाला पूर्वजाचं अक्षरच लागेना. मला लागलं. मी फोर्टात एका सॉलिसिटरकडे आठ वर्षं जुनी खरेदीखतं टाईप केलेली. किडामुंगीचं अक्षर असलं तरी मी वाचते.

सत्त्याहत्तरपासून आठवड्याचे तीन दिवस ऑफिस सुटलं की मी जुफैरला जायची. वेदरबीची पत्रं लावायची पद्धत माझी, हे मी ठासून सांगते. साहेबाने सरकारी एका फाईलला आणि खाजगी दुसऱ्या फाईलला लावली होती. मी म्हटलं, असं नाही. तारखेने लावा. एकाच दिवशी लिहिलेली दोन पत्रं समोरासमोर ठेवा, डाव्या पानावर सरकारी, उजव्या पानावर खाजगी. मग बघा गंमत. सरकारी पत्रात, आपल्या कृपेने हा सेवक धन्य झाला. त्याच दिवशी बायकोला, आज त्या गाढवासमोर तीन तास उभा होतो. हत्तीचे दाखवायचे दात डावीकडे, खायचे दात उजवीकडे.

साहेब खूष झाला. पाईप ओढत म्हणायचा, "हिल्डा, खरा माणूस खाजगी पत्रातच सापडतो."

मी एवढी पारखी झाले होते की पत्रांच्या नकला करणारा वेदरबीचा कारकून मध्येच बदलला, हेसुद्धा मीच ओळखलं. सही तीच, मजकूर तोच, पण नकलेचा हात दुसरा. साहेबाने ते चार वेळा तपासलं आणि मग माझ्या पाठीवर शाबासकी दिली. पुस्तकात तुझं नाव घालीन म्हणाला.

माझी स्वतःची पत्रं शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी. चर्चमधून, मिस्सावरून आलं की माहूजच्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून दोन लिहायची आणि एकाच पाकिटात घालायची. एक डॉलीला, मोठ्या अक्षरात: ह्या नाताळला मम्मी नक्की येणार, व्हिसाचं झालंच आहे. दुसरं आईला: ह्या वर्षी जमत नाही, पोरीला सांगू नकोस. आईला मनातलं सगळं लिहायची, अगदी लिहू नये तेसुद्धा. दुसरं होतंच कोण? आईला वाचता येत नव्हतं. शेजारच्या बेनिटा टीचर तिला वाचून दाखवत आणि तिचं उत्तर मराठीत लिहून देत. डॉली कॉन्व्हेंटला. ती आपली इंग्रजीत चार ओळी लिहायची, डियर मम्मी, आय अॅम फाईन.

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत माझं नशीब उघडलं. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात जागा निघाली, फॅमिली व्हिसासकट. माझी मुलाखत झाली, निवड झाली. अट एकच. एकतीस मार्चच्या आत जुन्या मालकाचं सोडपत्र आणायचं, त्याची हरकत नाही असं. तेवढा कागद नसेल तर नोकरी नाही, व्हिसा नाही आणि डॉली नाही. ती बारा वर्षांची झाली होती. मी तिला आठ वर्षांत तीनदा पाहिली होती.

मी हॅस्केलकडे गेले. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, "हिल्डा, आईपासून पोर लांब ठेवणं हे पाप आहे. मी आत्ताच नजीबला शिफारस लिहितो." आणि मला डिक्टेशन दिलं. चौदा फेब्रुवारी. 'आमच्या कार्यालयातील अत्यंत विश्वासू कर्मचारी, हिला सोडताना दुःख होते, तरी तिच्या मातृहृदयाचा विचार करून तातडीने परवानगी द्यावी.' टाईप करताना मी रडले. माझा गाढवपणा.

नजीब साहेबांकडे मी पाच वेळा गेले. पाचही वेळा चहा मिळाला. "इंशाल्ला हिल्डा, इंशाल्ला. अगले हफ्ते." नजीब माणूस वाईट नव्हता, पण त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या कॅलेंडरवर जायची. मार्चचा दुसरा आठवडा संपला. मी हॅस्केलला सांगितलं तर म्हणाला, "अरब लोकांचं असंच असतं, धीर धर." आणि पुढची पंचवीस पत्रं माझ्यासमोर ठेवली. ती सोडून अजून नव्वद राहिली होती.

अठरा मार्चची गोष्ट. ऑफिसात बिलं टाईप करायची म्हणून मी कार्बनचा डबा उघडला. मी कार्बन जपून वापरते. वापरलेला खाली, कोरा वर, हे माझं शिस्तीचं काम. कोऱ्यांच्या थरात एक वापरलेला निघाला. एकदाच वापरलेला, आणि टाईपचा नाही, हाताने लिहिल्याचा. माझ्या डब्याला हात लावतं कोण? टायपिस्टला सवय असते, मी तो खिडकीशी धरला. कार्बनवर जिथे पेन दाबून चालतं तिथली शाई निघून जाते. उजेडात अक्षरं लख्ख दिसतात.

हॅस्केलचं अक्षर. आता ह्या माणसाचा हलकटपणा आणि गाढवपणा दोन्ही बघा. वेदरबीचं बघून बघून ह्यालाही वाटायला लागलं होतं की आपली पत्रंही कोणीतरी दोनशे वर्षांनी छापील. म्हणून तो स्वतःच्या खाजगी पत्रांच्या नकला ठेवायचा. आणि ज्या बाईविरुद्ध लिहायचं, तिच्याच डब्यातला कार्बन घेऊन, वापरून झाल्यावर सभ्यपणे परत ठेवायचा.

चौदा फेब्रुवारी. 'प्रिय नजीब, आज माझी एक टाईप केलेली शिफारस तुझ्याकडे येईल. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. ही बाई गेली तर माझं पुस्तक बसलं, ते अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नाही. तिला चहा पाज, इंशाल्ला म्हण आणि एप्रिल उजाडू दे. पोरीचं काय, पोरी वाढतातच.'

पोरी वाढतातच.

मला रडू आलं नाही. कानशिलं तापली. वाटलं, टाईपरायटर उचलावा आणि त्याच्या काचेच्या केबिनवर घालावा. मग म्हटलं, नाही. आपण आपल्या पद्धतीने जाऊ. मशीनमध्ये वेदरबीच्या पुस्तकाचा कागद घातला, तोच समास, तीच मांडणी. डाव्या पानावर त्याची शिफारस, उजव्या पानावर कार्बनवरचं पत्र. वर तारीख एकच. खाली टीप: 'दोन्ही पत्रं एकाच दिवशी, एकाच हातून. नक्कल, हि. तुस्कानो.'

संध्याकाळी जुफैरला गेले आणि ती दोन पानं वेदरबीच्या गठ्ठ्याच्या वर ठेवली. साहेब पाईप पेटवून वाचायला बसला. डावं पान वाचलं. उजव्या पानाला पाईप हातातच राहिला. चेहरा आधी पांढरा, मग लाल.

"हे खाजगी पत्र होतं, हिल्डा," तो म्हणाला. लाज बघा, मी चोरून वाचलं याची!

"खरा माणूस तिथेच सापडतो, साहेब. तुम्हीच पाच वर्षं सांगताय."

"तू रागात आहेस. उद्या बोलू."

"उद्या मफी, उद्या-बिद्या काही नाही. उद्या मी आणि तुम्ही नजीब साहेबांकडे जाणार. नाहीतर ही दोन पानं तुमच्या एम्बसीत, तुमच्या क्लबात आणि तुमच्या बायकोकडे. मी टायपिस्ट आहे साहेब, एक कागद टाईप करत नाही. पाच प्रती काढल्यात."

दुसऱ्या दिवशी सोडपत्र मिळालं. नजीब साहेबांनी सही करताना माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "खलास, हिल्डा. माफ करो." त्यांनी निदान तेवढं म्हटलं. हॅस्केलने नाही. उरलेल्या नव्वद पत्रांना मी हात लावला नाही. पुस्तक निघालं की पेटीत सडलं, मी विचारलं नाही.

जूनमध्ये डॉली आली. मुहर्रकच्या विमानतळावर माझ्या खांद्याला लागणारी एक मुलगी समोर येऊन उभी राहिली, पाया पडली, आणि बॅग स्वतःच उचलायला लागली. मी सगळ्या माहूजला माझी लढाई सांगत फिरत होते, तिला कशी सोडणार? पहिल्याच शुक्रवारी, मिस्सावरून आल्यावर, बोंबील तळता तळता सगळं सांगितलं. डावं पान, उजवं पान, कार्बन, पाईप. सांगता सांगता पुन्हा तापले. "एका तोंडाने पाप आहे म्हणायचं, आणि त्याच दिवशी दुसरीकडे असं लिहायचं! माणसाला लाज कशी वाटत नाही गं?"

ती ताटातल्या भातावर बोट फिरवत होती. म्हणाली, "बेनिटा टीचर लग्न होऊन पुण्याला गेल्या, मम्मी. मी चौथीत होते तेव्हा."

"मग? आजीची पत्रं कोण वाचायचं?"

"मीच."

बोंबील करपायला लागला, तरी मी गॅस बंद केला नाही.

"लिहायची पण मीच. आजी सांगायची."

मला आठवलं. एकोणऐंशीच्या दिवाळीच्या सुमारास आईच्या पत्रातलं अक्षर मोठं झालं होतं. बेनिटाला चष्मा लागला वाटतं, असं मी मनात म्हटलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या कारकुनाचा हात मी ओळखला, त्याबद्दल पाठीवर थाप घेतली, आणि माझ्या पोरीचं मराठी अक्षर मी तीन वर्षं वाचत होते.

म्हणजे तिने दोन्ही वाचली होती. दर वेळी. एकाच पाकिटातून काढून, एक स्वतःसाठी, एक आजीसाठी. मम्मी नक्की येणार. मम्मी येत नाही, पोरीला सांगू नकोस.

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडले. ओरडलेच. मला दुसरं काय येतं?

"आजी म्हणाली, मम्मीला वाईट वाटेल." मग म्हणाली, "एक मी आजीला वाचलं नाही. अठ्ठावीस मार्चचं, मी पाचवीत जाणार होते तेव्हाचं."

तारीख ऐकली आणि विसरलेलं सगळं परत आलं. त्या शुक्रवारी घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती, अंगात ताप होता, आणि मी आईला लिहिलं होतं: कधीकधी वाटतं, डॉली तिथेच राहिली तर बरं. मी इथे एकटी असते तेव्हा निदान श्वास तरी घेते. पाकीट चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेले.

"मग आजीला काय वाचलंस?"

"मी म्हटलं, मम्मीने लिहिलंय, डॉलीची फार आठवण येते." ती उठली आणि गॅस बंद केला. "आजी रडली. म्हणाली, परत वाच. मी परत तसंच वाचलं."

माझ्याकडे तेव्हा एवढा राग होता, आठ वर्षांचा साठवलेला, आणि तो घालायला समोर कोणी नव्हतं. मी बाकावर बसून राहिले. डॉलीने करपलेले बोंबील बाजूला काढले, बरे होते ते माझ्या ताटात वाढले, आणि म्हणाली, "जेव ना मम्मी."