गासची सोयरीक

फर्डिनंड सरांचा संशयावर फार भरवसा, माणसावर तेवढा नाही. दुकानदाराने वजन बरोबर दिलं तरी ते म्हणणार, आज काय मनात आहे ह्याच्या? शाळेत पी.टी. शिकवायचे तेव्हाही असेच. निवृत्त झाले, केस गेले, गुडघ्यापर्यंतच्या हाफ पँटी गेल्या, पण ही खोड काही गेली नाही. बायको उर्सुला तर उघड सांगायची, ‘अहो, तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी दाराची कडी बघाल.’

सांडोरचा केळबाग स्पोर्ट्स क्लब त्यांनीच उभा केला. वर्षानुवर्षं एक पैसा न घेता फुटबॉलची पोरं घडवली, आणि सगळं गाव त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचं. मग जितेंद्र आला. बँकेत अधिकारी, नव्या इमारतीत फ्लॅट, टीव्हीवर इंग्लंडच्या मॅच बघून बघून डोकं भरलेला. तो सेक्रेटरी झाला आणि सर ‘मॅनेजर’ झाले. मॅनेजर म्हटल्यावर करार आला, आणि करार म्हटल्यावर मुदतही आली. इतकी वर्षं मेल्यांपैकी कोणी कधी मुदत विचारली नव्हती.

यंदाच्या मे महिन्यात ती मुदत संपत होती. जितेंद्रने सरांना बोलावून चहा दिला, खारी दिली आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, “सर, उन्हाळ्यात एक-दोन नवे खेळाडू आणू आपण. पण मुख्य म्हणजे जेन्सन हातचा जाता कामा नये. आपला स्ट्रायकर तो एकच आहे. तो राहिला तर तुमचा करार पुढे चालू. तो गेला तर मग कमिटीला एखादा तरुण माणूस बघावा लागेल. काय?”

हे ‘काय’ सरांना फार लागलं. मैदान गेलं तर आपण सकाळी उठायचं तरी कशाला, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

आता लीगचा नियम असा की, ज्या गावात राहायचं त्याच गावाकडून खेळायचं. म्हणजे दुसऱ्याचा खेळाडू हवा असेल तर आधी त्याचं घर हलवावं लागतं. म्हणून ह्या भागात खेळाडू पळवायचा तर कोणी थैल्या घेऊन येत नाही, मुलगी दाखवतात. थट्टा नाही सांगत! मागे केळबागचा गोलकीपर असाच लग्नानंतर सासुरवाडीला राहायला गेला, आणि पुढच्याच मोसमात केळबागच्याच दोन पेनल्टी अडवून मिशीला पीळ देत उभा राहिला. सरांनी त्याचं नाव तेव्हापासून टाकलं.

त्यामुळे जेन्सनवर त्यांनी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. आणि ज्याला बघायचंच आहे त्याला दिसायला कितीसा वेळ लागतो!

आधी जेन्सन सरावाला दांड्या मारायला लागला. विचारलं की खाली बघून म्हणायचा, “काम होतं सर.” कसलं काम, ते नाही सांगायचा. ह्याच पोराला सरांनी पायात बूट घालायला शिकवलं होतं. त्याच्या बापाच्या मागे त्याची फी भरली होती, आणि आता त्याला कामं निघाली! मग शेजारच्या गास गावच्या संघाशी मैत्रीची मॅच झाली. चेंडू अगदी पायात आला, समोर नुसता गोलकीपर, आणि हा वळून गोल मारायचा सोडून चेंडू मागे देऊन मोकळा झाला. सगळे म्हणाले, नशीब वाईट. सर म्हणाले, कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि मग माणिकपूर. उर्सुलाच्या चष्म्याची काच बदलायला सर गेले होते. रस्त्यापलीकडे एक पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून जेन्सन उतरला. गाडी कोणाची? गास क्लबचा अध्यक्ष रिचर्ड, त्याची! रिचर्डने जेन्सनच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे एका इमारतीत शिरले. त्या इमारतीत कोचिंग क्लास आहेत, दवाखाने आहेत, शिंपी आहे. पण दुसऱ्या मजल्यावर लीगचं ऑफिसही आहे. सरांना दिसली ती तेवढी एकच पाटी. काच राहिली बाजूला, ते तडक घरी आले.

“फितूर झाला,” त्यांनी उर्सुलाला सांगितलं.

“विचारलंत त्याला?”

“चोराला विचारायचं का, चोरी केलीस का म्हणून?”

उर्सुलाने हात जोडले. सरांनी मात्र कमिटीतल्या एकेकाला गाठून हेच ऐकवलं, सगळा महिनाभर. पोरगा फुटला आहे, गासवाल्यांनी फोडला आहे, मी आधीच सांगून ठेवतो, नंतर माझ्यावर खापर नको. आधीच सावध केलं की तो गेला तरी दोष आपल्यावर येणार नाही आणि करार वाचेल, असा त्यांचा हिशोब.

ज्या रविवारी संध्याकाळी करारावर सही व्हायची होती, त्याच रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या शेवटी फादरनी लग्नाच्या घोषणा वाचल्या. सांडोरचा जेन्सन आणि गासच्या रिचर्ड यांची एकुलती एक मुलगी इनेझ यांचा विवाह ठरला आहे. ह्या विवाहात कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्याने कळवावं.

एकुलती एक! म्हणजे बापाची वाडी, विहीर, घर सगळं जावयाकडेच. सर बाकावरून अर्धे उठलेच. उर्सुलाने सदऱ्याचं टोक पकडून त्यांना खाली बसवलं. “गुमान बसा,” ती दातांतल्या दातांत म्हणाली.

मिस्सा संपली तशी ते फादरकडे गेले.

“फादर, मला त्या लग्नाला हरकत घ्यायची आहे.”

फादर गंभीर झाले. “जेन्सनचं आधी लग्न झालंय?”

“छे.”

“मुलगी नात्यातली आहे? कोणी जबरदस्ती करतंय?”

“नाही हो फादर. तो आमचा स्ट्रायकर आहे.”

फादरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “सर, स्ट्रायकरने लग्न करू नये असं चर्चच्या कायद्यात अजून तरी कुठे लिहिलेलं नाही. तुमच्या मनात जे आहे ते जाऊन मुलीकडच्यांनाच विचारा. आणि नंतर माझ्याकडे कन्फेशनला या.”

दुपारी जेवण अर्धवट टाकून सर रिक्षाने गासला पोहोचले. रिचर्ड वाडीत गेला होता. दार इनेझने उघडलं. मुलगी नर्स होती, ड्यूटीवरून नुकतीच आली असावी, डोळे ओढलेले होते. तिने सरांना ओळखलं. बसा म्हणाली, पाणी आणलं. सर बसले नाहीत, पाण्याला हातही लावला नाही.

“सरळ विचारतो, बाळ. लग्नानंतर जेन्सन इथे राहणार ना?”

“इथे? नाही सर. मी सांडोरला येणार.”

“मला उल्लू बनवू नकोस. तुझ्या पप्पांच्या गाडीतून तो माणिकपूरला लीगच्या ऑफिसात गेला. ह्या डोळ्यांनी बघितलंय.”

“हाडांच्या डॉक्टरकडे गेला होता,” इनेझ म्हणाली. मग तिने तोंडावर हात ठेवला. आपण नको ते बोलून गेलो, हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं.

सरांनी तिला सोडलं नाही. शेवटी तिने सांगितलं. जेन्सनच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन करावं लागणार होतं. तसाच खेळत राहिला तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“आणि मला सांगितलं नाही? मला?”

“तुम्हाला कसं सांगणार? तो राहिला तर तुमचा करार राहणार, हे अख्ख्या सांडोरला माहीत आहे. मला शपथ घातली त्याने. म्हणाला, सरांची सही होऊ दे. मग पहिल्या मॅचमध्ये मैदानात पडेन आणि तिथेच लागलं म्हणून सांगेन. मी भांडले, पप्पा भांडले. ऐकतच नाही.” इनेझचा आवाज चढला. “तो कुठे जातो, कोणाच्या गाडीतून उतरतो, सगळं बघितलंत सर तुम्ही. उतरताना पाय कसा टाकतो, ते नाही दिसलं?”

सरांचं सगळं आयुष्य पोरांचे पाय बघण्यातच गेलं होतं. लाजेने त्यांचे कान तापले. ते रिक्षा न करता बरंच अंतर चालत गेले. संशय खोटा ठरला म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण जीव नुसता तुटत होता.

संध्याकाळी क्लबच्या खोलीत कमिटी जमली होती. जेन्सन कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसला होता. जितेंद्रने कागद पुढे सरकवले आणि जेन्सनकडे वळून विचारलं, “लग्न झालं तरी आपल्याकडूनच ना रे? पूर्ण मोसम?”

“हो. पूर्ण मोसम.”

“झालं तर! सर, घ्या पेन.”

“तो खेळणार नाही,” सर म्हणाले. “त्याचा गुडघा गेलाय. ऑपरेशन आहे.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. जेन्सनचा चेहरा उतरला. “काहीतरीच काय सर! मी एकदम ठीक आहे.”

“सर, कमाल करता तुम्ही,” जितेंद्र म्हणाला. “कालपर्यंत फितूर होता, आज लंगडा झाला? किती संशय घ्याल हो पोराचा? सही करा आणि विषय संपवा.”

महिनाभर सरांनी ज्यांचे कान भरले होते, ती सगळी माणसं आता त्यांच्याकडे कीव केल्यासारखी बघत होती. एकाचाही विश्वास बसत नव्हता. पेन समोर होतं. उचललं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं, अगदी जेन्सननेसुद्धा नाही.

“जेन्सन, उभा राहा.”

तो उभा राहिला.

“एक बैठक मार.”

“सर, आता कशाला...”

“मार म्हणतो ना!”

लहानपणापासून त्याने सरांचा हुकूम कधी मोडला नव्हता. तो अर्धा खाली गेला. ओठ घट्ट मिटले होते, कपाळावर घाम आला होता, तरी जात राहिला. मग गुडघ्याने दगा दिला आणि तो बाजूला कलंडला. सरांनी पुढे होऊन त्याला काखेत धरलं, म्हणून डोकं टेबलावर आपटलं नाही. आता कोणी हसत नव्हतं.

जितेंद्रने खाकरून कागद हळूच आपल्याकडे ओढले. “म्हणजे मग, सर, आपलं जे ठरलं होतं...”

“बघा कोणी तरुण,” सर त्याच्याकडे न बघताच म्हणाले.

जेन्सन त्यांच्या खांद्याला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता. दुखण्याने की कशाने, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “सही तरी आधी करायचीत ना सर!”

“केली असती तर तू त्या पायाने पळाला असतास, गाढवा. मी काय तुला ओळखत नाही?”

हे बोलून गेल्यावर सरांच्या लक्षात आलं की गेला सगळा महिना आपण ह्या पोराला मुळीच ओळखलं नव्हतं. त्यांनी त्याचा हात आपल्या खांद्यावर नीट घेतला आणि त्याला सावकाश दाराकडे न्यायला लागले.